ह्रस्व, दीर्घ

शनिवार. रास्ता पेठ. वैशाखाचं ऊन
रंगीत काचेतून थेट चर्मपत्रावर पडलेलं.
आम्ही नऊ जण. दहावा सॅमसन दिघोडकर
स्कूटर पलीकडच्या गल्लीत लावून चालत आला.
सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी विचारत नाही.

सेफर उघडलं. चांदीचं बोट ओळीवरून सरकत होतं,
ते थांबलं.
हज्जन वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.
शाईचा कपचा उडालेला.
हा वाव की योद?
वाव म्हणजे उभी रेघ. योद म्हणजे तीच, आखूड.
दिन आणि दीन यांत जेवढं अंतर, तेवढंच.

लांब असेल तर लो, म्हणजे त्याला.
आखूड असेल तर ली, म्हणजे मला.
आणि ओळ नेमकी परक्यावर माया करायला सांगणारी.

मी पुढे सरसावलो. एकेचाळीस वर्षं मुद्रितशोधक,
नारायण पेठेत लग्नपत्रिकांपासून शब्दकोशापर्यंत
वेलांट्या मोजत डोळे झिजवलेले.
हज्जन म्हणाले, तू नको, तुला ओळ पाठ आहे.

कायदाच तसा आहे.
शंका आली तर शहाण्याला विचारू नका,
मठ्ठालाही नको.
अक्षर ओळखणारं, अर्थ न कळणारं पोर आणा.

मला हसू आलं, कारण छापखान्यात आमचाही हाच कायदा.
मजकूर कळायला लागला की चूक दिसेनाशी होते,
डोळा जे असायला हवं तेच वाचतो.
म्हणून शेवटचं प्रूफ मी उलटं वाचायचो,
शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे,
अर्थाला आत येऊ न देता.

सज्ज्यात आईजवळ नखं खात बसलेला
ओबेद वाकरूळकर, वय वर्षं सात, खाली आला.
त्याला पाटावर चढवलं.
हज्जनांनी आजूबाजूचे शब्द रुमालाने झाकले.
हे काय आहे, बाळा?
ओबेदने मान तिरकी केली. पंख्याचा आवाज.
दहा मोठी माणसं एका पोराच्या ओठांकडे बघत.

योद, तो म्हणाला.

झालं. एक अक्षर गेलं की अख्खं सेफर गेलं.
शब्बाथला लेखणी उचलता येत नाही,
आणि उचलता आली असती तरी
आमच्यात लिहिणारा कोण उरलाय?
पेटीला बाहेरून फडकं बांधलं, पुढच्याला कळावं म्हणून,
आणि आजाऱ्याला निजवावं तसं ते कपाटात ठेवलं.
दुसरं काढलं. त्यातला वाव धडधाकट होता.

ओबेद विचारत होता, मी चुकलो का?
कोणाला पटकन उत्तर सुचेना.

मला आठवले कोकणातले तेलघाणे.
आमच्या पूर्वजांजवळ ना चर्मपत्र, ना चांदीचं बोट,
अक्षर तर एकही नाही.
शनिवारी बैल सोडायचा, खवल्यांचीच मासळी खायची
आणि शेमाचे चार शब्द, तेही मोडके.
लोक म्हणायचे शनिवार तेली.
त्यांच्यातला कुठला वाव तुटला होता
ते तपासायला कोण पोर आणलं असतं?

बाहेर फाटकाशी बंदोबस्ताचा हवालदार,
बीडकडचा, प्लास्टिकच्या खुर्चीवर, उन्हात.
आज उशीर झाला साहेब, काही प्रॉब्लेम?
मी म्हटलं, एक रेघ आखूड भरली.
तो गंभीरपणे हं म्हणाला.
ओबेदने न सांगताच आपल्या हातातला
द्राक्षाच्या सरबताचा पेला त्याला दिला,
मग आईकडे बघितलं, ओरडते की काय म्हणून.

रात्री तीन तारे दिसल्यावर नोंदवही उघडली.
तारीख, स्तंभ, ओळ. वाव तुटला, दुरुस्तीस पाठवणे.
पाठवणे कुठे, ती जागा कोरी सोडली.
मग सवयीने लिहिलेलं तपासलं,
शेवटच्या शब्दापासून मागे मागे.
दुरुस्तीस मधला पहिला उकार ऱ्हस्व पडला होता.