बॉनेटवर हात

बॉनेटवर हात ठेवला, तर गरम.
"बस्त्याव, मी यायच्या आधीच सुरू केलीत?"
"वायच गरम करून ठेवलंय, बाय,"
आणि तो माडांकडे बघत राहिला.

तीस वर्षं लोकांच्या कपाळाला हात लावून काढली.
ताप चोरणारे पेशंट मला नवे नाहीत.
"निवू दे," म्हटलं, "मी थांबते."

तासभर निवत बसली गाडी.
पांढरी ट्रॅव्हलर. आत पलंग, शेगडी, वीतभर बेसिन,
खिडकीला घरी शिवलेली मच्छरदाणी.
भाव सहा लाख वीस.
आणि समुद्र हाकेवर,
वेंगुर्ल्यात तो फुकट मिळतो म्हणतात,
पण वारा रोज पत्रा चाटून जातो:
वर रंग, खाली भाकरीचा पापुद्रा.

रुमालात गुंडाळलेला चुंबक पर्समधून काढला.
दारावर धरला. पुढच्या दारावर धरला.
मागच्या चाकाच्या वर
सुटून मातीत पडला.
तिथं पत्रा नाही, नुसती लांबी भरलेली.
"थंय वायच घासलेली."
वायच म्हणजे किती,
ते इथं ज्यानं त्यानं ठरवायचं.

मीटर म्हणे अडतीस हजार.
ब्रेकच्या पेडलचं रबर
देवळाच्या उंबरठ्यासारखं गुळगुळीत.
मी पेडलचं ऐकलं.

"पावसात कधी गळूक नाय," त्यानं छातीवर क्रूस काढला.
मग लावा पंप, धरा पाईप छपरावर.
एप्रिलची दुपार. तो शिडीवर,
मी आत, पलंगावर उताणी.
वर पाणी धडधडतंय
आणि मला, खरं सांगायचं तर, गळती दिसेचना,
विजयदुर्ग दिसला, कुणकेश्वर दिसलं,
रात्री कुणाची बेल नाही,
सकाळी चहा माझा मला.
अशा वेळी माणूस फसतो.

झरोक्याच्या कडेला एक थेंब
जाड होत, जाड होत
चष्म्यावर पडला.

"पाच वीस," मी आतूनच ओरडले.
"पाच सत्तर!" छपरावरून.
"आरसीवर नाव आधी, शेवटचे पन्नास मग."
पाणी थांबलं.

विकताय का, हे विचारायचं राहिलंच होतं.
तो शिडीवरून उतरला, पाईप गुंडाळत राहिला.
"हेच्यात निजलंय तर झोप येता.
घरात येत नाय.
घरकारीण म्हणता, गाडी नायतर मी."

एवढंच काय ते त्यानं
आधी गरम करून ठेवलेलं नव्हतं.

"उद्या येते," म्हटलं. "सकाळी सातला, मेस्त्रीला घेऊन.
तोवर चावीला हात लावू नका."