कोरी बाटली

मेनमधलं हे गाव नदीच्या कोपरात बसलंय.
कागदाची गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली,
तरी पत्ता सांगताना लोक अजून
'फाटकापासून डावीकडे' असंच सांगतात.

मी फाटकापासून डावीकडे वळते.
गाडीत निळी शीतपेटी, सुया, चिकटपट्ट्या,
आणि एकोणतीस प्रश्नांचा फॉर्म.
विहिरीचं पाणी पिता का? किती वर्षं?
हरणाचं मांस? काळीजही?
गालिच्यावर डाग पडू नये म्हणून कधी काही फवारलंत?

लुसिएन पेलेटिए, वय एक्याऐंशी,
बाही वर करता करता हसतो.
म्हणतो, बर्गर गुंडाळायचा कागद करायचो आम्ही,
तेल न झिरपणारा.
'तेलसुद्धा चिकटायचं नाही बघ त्याला.
मग मलाच कसं चिकटलं?'

याचं उत्तर फॉर्मवर नाही.
आमच्याकडे म्हणतात, खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे.
हे लागलंय. चांगलं लागलंय.
मी त्याची शीर शोधत राहते,
मनगटापासून कोपरापर्यंत बोटांनी चालत.

रक्त घेण्याआधी एक जादा बाटली उघडायची असते.
तिच्यात प्रयोगशाळेतलं पाणी, कुणाच्याच गावचं नसलेलं.
मिनिटभर टेबलावर, साखरेच्या डब्याशेजारी, उघडी.
मग झाकण.
उद्या कुणी म्हणालं, विष तुमच्याच हातमोज्यांतून आलं,
तर हिची साक्ष काढायची.
'तिला नाही का विचारणार एकोणतीस प्रश्न?' लुसिएन म्हणतो.

नोएल उएलेटच्या स्वयंपाकघरात मात्र हसू नव्हतं.
नमुन्याचा प्रकार: दूध. मात्रा: तीस मिलिलिटर.
पंप घरघरत राहिला, बाटलीचा तळ कोरडाच.
ती कानकोंडी झाली, मी खिडकीबाहेर लाकडं मोजत बसले.
तेवढ्यात आतल्या खोलीत बाळ रडलं
आणि बाटली भरू लागली.
पान्हा. त्या गावात मीच एकटी हा शब्द जाणत होते,
आणि मी लिहिलं, दूध, तीस मिलिलिटर, सकाळी नऊ चाळीस.

'पाजत राहू ना?' तिने दारापर्यंत येऊन विचारलं.
शिकवलेलं सांगितलं: फायदे जास्त आहेत,
तरी डॉक्टरांशी बोला.
खोटं नव्हतं त्यात काही.
पण गाडी सुरू करायला मला वेळ लागला.

ड्वाइट, आमचा वरिष्ठ, म्हणाला, तू इथली नाहीस,
तुझंही रक्त घेऊ, तुलनेला बरं.
मी, बारा गावचं पाणी प्यालेली!
कारखान्यामागच्या ओढ्याचं, टँकरचं,
वसतिगृहाच्या गंजक्या टाकीचं, मग टोलेडोच्या नळाचं.
माझा आकडा लुसिएनच्या खाली आला, नोएलच्या वर.
त्यातलं कुठल्या गावचं किती, ते रक्त सांगत नाही.
आमच्या ओढ्याकाठी कुणी कुणाची शीर शोधलीच नव्हती.
बाबांच्या रुमालाला पिवळं लागायचं,
आई तो वेगळा भिजवायची.
झाली तेवढीच नोंद.

पाकिटं मार्चमध्ये गेली.
तीन रकाने: तुमचा आकडा, गावाचा, देशाचा.
'मग आता?' असा चौथा रकाना नाही.
काहींनी पाकीट फोडलंच नाही, असं कळलं.
एकाने ते फ्रिजवर लावलं, नातवाच्या चित्राखाली.

लुसिएनने फोन केला. मी तयारीत होते,
सरासरी, मध्यमान, सगळं समोर मांडून.
त्याने स्वतःचं काहीच विचारलं नाही.
'त्या बाटलीचं काय निघालं?'

काही नाही, म्हटलं. काहीच सापडलं नाही तिच्यात.

पलीकडे रेडिओ चालू होता, कुठलीतरी मॅच.
'चला,' तो म्हणाला, 'माझ्या टेबलावर बसून
एक तरी तशीच परत गेली.'