एक खुर्ची कमी

मंगळवारी खुर्च्या मी मांडतो.
माणसं बारा, खुर्च्या अकरा.
पहिल्यांदा वाटलं, मोजण्यात चुकलो.
नोल्फा म्हणाली, "येर्को, माझी मी घेऊन येते,
तू नुसती जागा सोड.
आणि दाराशी नको हं.
दाराशी छत्र्या ठेवतात."

वालपाराइसोत सपाट असं काही नाही.
समुद्र तेवढा सपाट, तोही लांबून.
आमचं सभागृह टेकडीच्या अर्ध्यावर,
वर जायची लिफ्ट मार्चपासून बंद.

एलिसेओ पहिल्यांदा आला तो बॅग घेऊन.
वय एक्केचाळीस. बोलणं सावकाश, प्रश्न सरळ.
आई जूनमध्ये गेली होती, आणि मावशीने सांगितलेलं
की ती पुंता अरेनासला गेलीय, येईल.
आठ महिने तो बस अड्ड्यावर जात होता.
त्याला सोसवणार नाही, असं सगळ्यांनी
त्याला न विचारता ठरवलं होतं.

नोल्फाने चाकं पुढे घेतली, गुडघ्याला गुडघा लागेस्तोवर.
"तुझी आई मेली, एलिसेओ.
झोपली नाही. गावाला गेली नाही. मेली."
आम्ही बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत बसलो.
तो म्हणाला, "मग मला का नाही नेलं?"
याला उत्तर नव्हतं. तिने दिलंही नाही.
विचारलं, "आता तुला कुठे जायचंय?"

दफनभूमीला समोरून पायऱ्याच पायऱ्या.
मागच्या रस्त्याने गेलो, लांबून, बाराही जण,
तिच्या चाकांच्या वेगाने.

बाल्तासारला ऐकू येत नाही.
भावाच्या प्रार्थनेत तासभर त्याने
पाद्र्याच्या दाढीकडे पाहिलं.
म्हणून इथे दिवे मालवत नाही, मेणबत्त्यांचा सोहळा नाही.
आणि तो रडत रडत बोलायला लागला की
त्याचे हात कुणी हातात घ्यायचे नाहीत.
मी घेतले होते एकदा, मायेनंच.
नोल्फाने डोळे वटारले:
"त्याचं तोंड दाबतोयस तू."

ऑगस्टमध्ये नोल्फा गेली.
मेली.
छातीत कफ, चार दिवस.
टेकडीभर एकच वाक्य फिरलं, सुटली बिचारी.
बेकरीवाली म्हणाली, वर आता धावत असेल.
मी पाव घेतला, सुटे पैसे मोजून घेतले
आणि घरी येऊन भिंतीशी भांडलो.
कशातून सुटली? त्या खुर्चीतून?
ती खुर्ची तिने तीन वर्षं अर्ज करकरून मिळवली होती,
पाठीला फुटबॉल क्लबचा बिल्ला लावला होता.
अडकवलं होतं ते पायऱ्यांनी.
आणि धावायचं म्हणाल तर ती विचारणार,
"वर उतार बांधलाय का? मग धावणं राहू दे."

पुढच्या मंगळवारी माणसं अकरा, खुर्च्या अकरा.
हिशोब पहिल्यांदाच जुळला
आणि मला तो मांडवेना.
जागा सोडली तशीच.

ओर्तेन्सिया आली. तिची पांढरी काठी
नेहमी नोल्फाच्या चाकाला टक् करून थांबायची,
तिथून डावीकडे तिसरी खुर्ची तिची.
काठी पुढे गेली. आणखी पुढे.
काहीच लागेना.
कुणीतरी हात धरायला उठलं, मग थबकलं, विचारलं,
"हात देऊ?"
"नको. मला इथे जरा उभं राहू द्या."

मग कुणी बोलेना. मी उगाच खिडकी लावली.
एलिसेओ उठला,
बाल्तासारला ओठ दिसतील असा वळला.
"नोल्फा मेली," तो म्हणाला. "गावाला गेली नाही."
आणि एकेकाच्या समोर जाऊन,
सावकाश, प्रत्येकाला तेच:
"तुला कुठे जायचंय?"

बाल्तासारने बोट वर केलं, टेकडीकडे.
लिफ्ट अजून बंदच होती.
आम्ही मागच्या रस्त्याने निघालो, लांबच्या,
चाकांच्या वेगाने.