आढळले नाही

पाच मिलिग्रॅमची गोळी, तिचे चार तुकडे.
एक तुकडा माझा, रोज रात्री दात घासल्यावर.
बाकीचे एका बाटलीत, जिच्यावर अजून
आईच्या अक्षरात 'हिंग' आहे.

अख्खी गोळी अप्पांची.
शालिमारच्या एकाच दुकानातून, एकाच चिठ्ठीवर
दोन पिढ्यांचं औषध येतं आमच्याकडे:
त्यांना लघवी नीट व्हावी म्हणून,
मला भांग पाडता यावा म्हणून.
"माझं म्हातारपण तू चौतिसाव्या वर्षीच
फोडून खातोस," अप्पा म्हणतात, आणि हसतात.
मीही हसतो. जरा उशिराने.

अंबडला प्रयोगशाळेत आहे मी.
निफाड, दिंडोरी, पिंपळगावची द्राक्षं
बर्फाच्या पेट्यांतून येतात. मार्चमध्ये तर रात्रपाळीलाही.
घड आधीच संजीवकात बुचकळून काढलेले,
मणी लांबावा म्हणून;
शेंडा थांबवायचा तर त्याचं औषध वेगळं.
वेलीला काय वाटतं
हा रकाना आमच्या फॉर्मवर नाही.
मी वाटतो, गाळतो, यंत्रात सोडतो.
किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्सा
जास्त निघाला तरी कंटेनर अडतो.
रॉटरडॅमच्या कुण्या पोराच्या पोटाची
इतकी काळजी मी पगारावर घेतो.

गंगापूर रोडच्या कर्डिले डॉक्टरबाई म्हणाल्या,
शंभरात दोघा-तिघांना त्रास होतो,
बहुतेकांचा गोळी थांबवली की जातो.
"बहुतेकांचा?"
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
"काहीजण सांगतात, राहिला. इच्छा जाते, मन बसतं.
किती जण, ते पक्कं सांगता येत नाही."
"आणि वीस-पंचवीस वर्षांनी?"
"गंभीर असं काही आढळलेलं नाही."

हे शब्द मी दिवसातून चाळीसदा टाइप करतो.
'आढळले नाही' म्हणजे 'नाही' नव्हे.
म्हणजे इतकंच, की आमच्या यंत्राला
याच्या खालचं दिसत नाही.
शोधणारा तिथवर गेला
आणि दिवा संपला.

गेल्या श्रावणात दोन महिने मी
कुणाशी धड बोललो नाही.
गोळीमुळे? बढती हुकली म्हणून?
की मी असाच आहे, आणि आता बघायला लागलोय?
द्राक्षांना आमच्याकडे कोरा नमुना असतो,
न फवारलेल्या बागेतला, ताडून बघायला.
न घेतलेला मी कुठून आणू?

काकांच्या दहाव्याला गंगेवर
न्हाव्याने वस्तरा पाण्यात बुडवत विचारलं, "पूर्ण?"
चुलतभाऊ आधीच गुळगुळीत होऊन बसला होता, ओला.
मी म्हणालो, नाही, नुसतं टोकाला लावा.
न्हावी माझ्या टाळूवर बोटं फिरवत म्हणाला,
"राखा साहेब. चांगले आलेत."
इतकं बरं, इतकं वाईट
एका वाक्याने कधी वाटलं नव्हतं.

सिडकोतल्या रक्तदान शिबिरात
औषधांच्या रकान्यात खरं लिहिलं.
नर्सने कागद परत केला: महिनाभर बंद ठेवा, मग या.
तुमचं रक्त एखाद्या गरोदर बाईला गेलं तर?
तिने बिस्किटाचा पुडा तरीही दिला.

त्या रात्री अश्लेषाने खोक्यातला कागद उलगडला,
उशीच्या अभ्र्याएवढा,
आणि मुंगीएवढ्या अक्षरांतून बोट नेत नेत
एका ओळीवर थांबली.
दिवाळीपासून आम्ही मुलाचं बघतोय.
ती काही बोलली नाही.
सकाळी ओट्यावर एक सुरी वेगळी काढलेली,
मुठीला लाल नेलपॉलिशचा ठिपका.
कोथिंबीर, टोमॅटो, लिंबू त्या सुरीने चिरायचं नाही.

आजही तीच सुरी.
तीन तुकडे सरळ पडतात, चौथ्याचा नेहमी भुगा होतो,
आणि पांढऱ्या ओट्यावर पांढरा भुगा
नेमका कुठवर गेला, दिसत नाही.
मी फडकं ओलं करतो. पुसतो. वाकून,
तिरप्या उजेडात बघतो, नमुना बघावा तसा.

आतून ती विचारते, "झालं का?"
घेतली की नाही, ते ती विचारत नाही.
"हात धुतोय," मी म्हणतो.
तिसऱ्यांदा.