घसारा

मंगळवारचा संध्याकाळचा वर्ग, खोली एकशे चौदा.
बाहेर विस्कॉन्सिनचा नोव्हेंबर,
पार्किंगमध्ये पिकअप गाड्या चिखलासकट उभ्या.
शेवटच्या बाकावर डेरिक,
बुटांना मुरघासाचा वास,
पहाटेच्या धारांची झोप इथे भरून काढतो.
मी त्याला उठवत नाही.

बावीस वर्षं फळ्यावर हेच लिहीत आलोय :
ट्रॅक्टर झिजतो. गोठा झिजतो.
पंप, कुंपण, वजनकाटा,
दरवर्षी थोडं थोडं वजा करा.
जमीन झिजत नाही.
खाली दोन रेघा. पुढचा धडा.

यंदा पाकू वांगनं हात वर केला.
हात वर, नजर वहीत.
"सर, जिनसेंगची जमीन?"

मग तिनंच सांगितलं, हळू, जणू माफी मागत :
काळ्या जाळीच्या सावलीत, पेंढ्याच्या पांघरुणाखाली
तीन-चार वर्षं मुळं पोसायची,
शरदात खणून काढायची.
त्याच वावरात पुन्हा लावलं
तर रोप येतं वर, छान येतं,
आणि खाली मूळ कुजतं.
दहा वर्षांनी लावा, वीस वर्षांनी लावा.
"एकदाच देते ती, सर."

डेरिक जागा झाला होता.
मी म्हणालो, मका येईल की. सोयाबीन येईल.
करखात्याच्या लेखी जमीन ती जमीन.
तिनं ते लिहून घेतलं,
इतक्या नीट अक्षरात
की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

सत्राअखेरीस तिचा प्रकल्प आला, आईच्या शेताचा ताळेबंद.
खांब, जाळी, पेंढा, बियाणं,
हाँगकाँगचा व्यापारी मूळ मोडून हुंगतो
तेव्हा पडणारा भाव.
सगळ्या बेरजा बरोबर.
आणि तळटीप, जी मी मागितली नव्हती :
*आईनं लाओसमध्ये एक डोंगरउतार सोडला, मग दुसरा.
नदीपलीकडच्या छावणीत काहीच लावता आलं नाही.
इथे आजवर सात तुकडे, सगळे भाड्यानं.
आई विचारते, विकत घेऊन
देऊन झालेल्या जमिनीचं काय करायचं?*

घसाऱ्याच्या रकान्यात, जमिनीपुढे,
उपयुक्त आयुष्य : एक पीक.

नियमानं चूक. मी चार गुण कापले.

शेवटच्या तासाला टेबलावर कागदाची पुडी.
"आईनं दिलंय. चावू नका, नुसतं धरा जिभेखाली."
कडू. मातीसारखं कडू,
मग बऱ्याच वेळानं, घरी जाताना,
गोदामांच्या त्या लांब रांगेपाशी
जिथे वडिलांचे चाळीस एकर होते
(चांगल्या भावानं विकले, हिशेब चोख आहे माझ्याकडे)
थोडं गोड.

जानेवारीत नवा वर्ग, नवे चिखलाचे बूट.
ट्रॅक्टर झिजतो, लिहिलं. गोठा झिजतो, लिहिलं.
जमीन
आणि मार्कर तसाच हातात.
पुढच्या बाकावरची मुलगी पेन उचलून :
"पुढे काय, सर?"

जागा सोड, म्हणालो.
दोन ओळींची तरी.