काजळी

जानेवारी. रात्रीचे अडीच.
उलानबातरच्या टेकड्यांवरून कोळशाचा धूर उतरतो
आणि आमच्या चौथ्या मजल्यापाशी रेंगाळतो,
आत यायला फट शोधत.
खाटा चाळीस. मुलं एकाहत्तर.
एका खाटेवर दोन, एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे,
तरी हिशेब बसत नाही.
प्रत्येकामागे एक आई,
तिला खाट नाही, खुर्ची नाही,
रजिस्टरात तिच्यासाठी रकानाही नाही.

ओदग्वा आली ती वरच्या वस्तीतून,
नमद्याच्या घरातून, गोठलेल्या पायवाटेने.
मेंढीच्या कातड्यात पाच आठवड्यांचं मूल,
कपाळापासून नाकापर्यंत काजळीचं बोट ओढलेलं.
रात्री तान्ह्याला बाहेर काढताना आमच्यात असं करतात.
वाटेत जे काही उभं असेल त्याला वाटावं,
माणसाचं पोर नव्हे, ससा आहे.

मी कातडं उघडलं.
दर श्वासाला बरगड्यांत खळगे,
नाकपुड्या फुललेल्या, ओठांभोवती निळसर.
घड्याळ धरून मोजले. चौऱ्याहत्तर.
पळून आलेला ससा असाच धापतो.

नाव?
नेरग्वी.
म्हणजे 'नाव नाही'.
आधीचे दोघे नावानिशी गेले,
म्हणून याला बिननावाचं ठेवलं,
नेणाऱ्याला हाक मारता येऊ नये,
त्याने चुकून पुढच्या दारी जावं.
पुढच्या दारीही कुणाचं तरी मूल असतं,
हे मी बोलले नाही.

हाताची शीर मिळेना. पायाची मिळेना.
उरली कपाळाची.
स्पिरिटचा बोळा घेतला तर तिने मनगट धरलं.
"पुसू नका."
"पुसल्याशिवाय सुई नाही."
बराच वेळ धरून होती.
मग बोळा काळा झाला.

ऑक्सिजनची नळी एक, तिला फाटे चार.
एका भाकरीचे चार तुकडे करावे
तशी हवा मोडून वाढायची.
रडतो त्याच्याकडे सावकाश जावं, हे मी इथे शिकले.
रडायला श्वास पुरतो त्याला.
गप्प पडतो त्याच्याकडे धावायचं.

बाप खाली फाटकाशी, उणे एकतीसमध्ये.
कोळशाचा ट्रक चालवतो.
फोनवर विचारतो, औषध कोणतं? मी आणतो कुठूनही.
औषध नाही, दादा. हवा द्यायची आणि थांबायचं.
किती?
चौथ्या दिवशी त्याचा ट्रक दुसऱ्याने नेला.
घरी सात वर्षांची मुलगी शेगडी सांभाळते आहे.
तिच्याच नाकातून आली होती ही सर्दी,
शाळेतून, एका खोडरबराबरोबर कदाचित.
तिला हे कुणी सांगू नये.

खाटेच्या त्या टोकाचा तेमूलेन
तिसऱ्या रात्री गप्प झाला.
त्याला घेऊन आम्ही जिन्याने धावलो, लिफ्ट बंद होती.
त्याच्या आईचा थर्मास खाटेखालीच राहिला,
मिठाचा चहा,
सकाळी झाकण काढलं तेव्हा अजून कोमट.
तो न्यायला कुणी आलं नाही.

सातव्या दिवशी नेरग्वीने दूध ओढलं,
चुक् चुक् असा आवाज करत,
सगळ्या वॉर्डाने ऐकावा असा.
कागदपत्रं होईतो संध्याकाळ झाली.
ओदग्वा दारात अडली. बाहेर अंधार होता
आणि दवाखान्यात शेगडी नसते.

मी खिडकीपाशी गेले.
ही चौकट रोज दोनदा पुसते मी, रोज दोनदा काळी होते.
बोट फिरवलं,
सगळ्या शहराची चूल बोटावर आली.
त्याच्या कपाळावर ओढलं, वरून खाली,
सुईचं भोक चुकवून.
जा, सशा.

चादर बदलायची राहिलीच.
कुणीतरी दुसरं मूल त्या ऊबेत ठेवलं,
त्याची आई भिंतीला टेकून उभी.
मी घड्याळ वर केलं
आणि मोजायला लागले.