होड्यांच्या शर्यतीचे नियम

अर्ज शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत, माझ्या घरी.
घर सापडलं नाही तर वाईत गणपती घाटावर
ननावरे मोजणीदार कुठे राहतात, असं विचारा.
फी दोनशे.
पोहता येतं असं नुसतं लिहून चालणार नाही,
धक्क्यापासून पांढऱ्या बोयापर्यंत पोहून दाखवायचं,
अंगावरच्या कपड्यांसकट.
जाकीट सगळ्यांना. पैलवानांनासुद्धा.
मागे मेणवलीचा एक जण म्हणाला, छाती मावत नाही यात.
त्याला म्हटलं, बाबा, पाण्याला छाती दाखवायची नसते.

पाण्यावर रेघ ओढता येत नाही,
म्हणून ती दोन टोकांवरून समजून घ्यायची:
इकडे पंचांची नाव, तिकडे निळं पिंप.
पाच मिनिटं आधी एक शिट्टी, एक निशाण.
दुसऱ्या शिट्टीआधी नाक पुढे गेलं
तर वळा, मागे या, पुन्हा ओलांडा.
कुणी ओरडणार नाही.
मी फक्त शिडावरचा आकडा पुकारीन.

वारा कमळगडाच्या खांद्यावरून उतरतो.
अकरापर्यंत शहाण्यासारखा,
मग खिंडीत त्याला कोण काय सांगतं कोण जाणे,
एकदम फिरतो.
वाऱ्याविषयी तक्रार घेतली जाणार नाही.

उजव्या अंगाने वारा घेणाऱ्याचा हक्क पहिला.
डाव्या अंगाने घेणाऱ्याने वाट सोडायची.
गाव, भावकी, कुणाचा चुलता झेडपीत,
यातलं काही लागू नाही.
वाऱ्याने कुठल्या गालावर हात ठेवलाय, एवढंच बघायचं.

कुणाची होडी उलटली
तर शर्यत सोडून आधी तिकडे जायचं.
हा नियम बाकी सगळ्या नियमांच्या आधी वाचावा.
मी तो इथे लिहिला कारण वर जागा उरली नाही.

बोयाला होडी, शीड, दोरी, काहीही लागलं तर
स्वतःहून एक पूर्ण गिरकी.
दुसऱ्या होडीला लागलं तर दोन.
तिथे बघायला कुणी नसतं.
पंच धक्क्याजवळ, आणि त्यातल्या एकाला मोतीबिंदू.
तो मीच.

गेल्या मार्गशीर्षात धुकं होतं.
रेहाना मुजावर, वय चौदा, सगळ्यांच्या पुढे,
दुसऱ्या बोयाशी दिसेनाशी झाली
आणि बाहेर आली ती चौथी.
म्हटलं, काय झालं गं?
म्हणाली, गिरकी घेतली.
लागलं होतं?
लागलं नाही, काका. टेकलं.

दुसऱ्या बोयाचा नांगर
बाकीच्यांपेक्षा सात परस जास्त दोर खातो.
खाली विहीर आहे.
पाण्याच्या पोटात विहीर, अजून आपल्या जागी, बांधीव, गोल.
धरणाच्या मोजणीत मी पंचविशीतला होतो.
साहेब जीपमधून उतरले नव्हते, दुपार झाली होती,
विहीरवाली म्हातारी पोहरा घेऊन उभी होती,
म्हणाली, वाकून तरी बघा.
मी वहीत लिहिलं: कोरडी.
कोरडीचे पैसे निम्मे मिळत.
कुणी पाहिलं नाही.

तेव्हा या वर्षी
शेवटची होडी आत आल्यावर
पंचांची नाव दुसऱ्या बोयापर्यंत जाऊन येईल.
तिची वेळ कुणी लावू नये.
एक गिरकी की दोन, हे नियमात बसत नाही,
तिथे गेल्यावर बघू.

बक्षीस तांब्याचा हंडा, पहिल्या नंबराला.
दुसऱ्या-तिसऱ्याला टॉवेल.
वाद असेल तर तासाभरात, लेखी, सहीनिशी.
जेवण धक्क्यावर, पिठलं-भाकरी, ताट आपापलं.
आणि फी भरताना सुटे आणा.